छंद : पाणी चाखणे

बी.ए.च्या शेवटच्या तोंडी परीक्षेसाठी एक अर्ज भरावा लागतो. त्यात सातव्या नंबरला एक रकाना होता, छंद. मी तो कोरा ठेवून अर्ज स्नेहलता मॅडमच्या टेबलावर ठेवला. नांदुऱ्याच्या आमच्या अभ्यास केंद्राचं सगळं काम त्याच बघतात.

"जानराव, कोरा रकाना चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचे परीक्षक येणार आहेत. सुरुवात बहुतेक छंदापासूनच करतात. माणूस मोकळा होतो त्यानं."

"मॅडम, छंद ठेवायला सवड कधी होती? जे केलं ते कामच."

"मग ज्या कामात मजा आली ते लिहा."

मागच्या बाकावर विहंग आणि रेवती बसले होते. दोघंही विशीतले. माझ्या वर्गात नोकरी करणारे, दुकानावर बसणारे, सासरहून शिकणाऱ्या मुली असे सगळे आहेत, पण या दोघांशी माझं जमतं. सहासष्टाव्या वर्षी वर्गात बसणारा मी एकटाच, म्हणून ते मला आबाजी म्हणतात.

"आबाजी, मी पोहणं लिवलं," विहंग म्हणाला.

"तुले पोहता येते?"

"नाही येत. पण विचारलं तं पाण्यात उतरून थोडीच दाखवा लागते!"

"अन् पूर्णेत पाणी कुठी हाय बे उन्हाळ्यात, पोहाले?" रेवती म्हणाली. "साहेबानं इतकं इचारलं तरी तू बुडतं." तिनं स्वतः वाचन लिहिलं होतं. वर्गातल्या एकतीस जणांपैकी एकोणीस जणांनी वाचनच लिहिलं होतं, हे मॅडमनी नंतर सांगितलं.

मी थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं : पाणी चाखणे.

रेवतीनं वाकून वाचलं. "आबाजी, हे काय?"

"खरं हाय ते," मी म्हणालो.

आणि ते खरंच होतं. आमचं गाव वडनेर भोलजीवरून आत, पूर्णेच्या अंगाला आहे. जमीन काळी, खोल, कापसाला नंबर एक. पण जमिनीखालचं पाणी खारं. सरकारी कागदावर या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही जाळ घाला, दाणा दाण्यापासून सुटा राहतो. रोज घरात कसंही चालतं, पण लग्नात पाचशे माणसांसमोर कच्चं वरण कसं वाढणार? म्हणून लग्नघरची माणसं सातपुड्याच्या पायथ्याकडून गोडं पाणी मागवायची. बैलगाडीवर सहा टिपं, म्हणजे पत्र्याची मोठी पिंपं, बांधून ते पाणी आणणारा मी. पंचवीस वर्षं मी लग्नाचं पाणी वाहिलं. कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीचं पाणी मचूळ, कुठलं तुरट, कुठलं पावसाळ्यात गोड आणि चैतात खारं, हे मला जिभेवर पाठ झालं. गाडी थांबली की पहिली ओंजळ माझी. पुढं टँकर आले, गाडी मोडली, पण सवय गेली नाही. आजही कुठं पाहुणा गेलो तर चहाआधी पाणी मागतो आणि तोंडात फिरवतो. माझी बायको अन्नपूर्णा त्यावरून मला लोकांसमोर बोलते.

अक्षरं शिकलो तीही या पाण्यापायीच. शाळेत मी फक्त सात दिवस गेलो होतो. पाण्याची सुपारी देताना लोक लग्नपत्रिका द्यायचे. मला वाचता येत नसे, म्हणून मी पत्रिकेवर कोळशानं खुणा करायचो. गावाची एक खूण, दिवसाची एक. एका वर्षी एकाच तिथीला दोन लग्नं आली आणि खुणांची अदलाबदल झाली. रोहिणखेडकडच्या एका लग्नात, जिथं विहीर मुळातच गोडी होती, तिथं मी सहा टिपं गोडं पाणी नेऊन ओतलं. आणि इकडं आमच्या शेजारच्या गावात वऱ्हाडाला कच्चं वरण वाढलं गेलं. नवऱ्याच्या मामानं ते मुठीत घेऊन मांडवात हरभऱ्यासारखं उधळलं होतं. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी मुलीचं पहिलीचं जुनं पुस्तक घेऊन गाडीवर बसलो. माझी पुष्पांजली तेव्हा तिसरीत होती. बैल त्यांच्या चालीनं चालायचे आणि ती मागं टिपाला टेकून मला ओरडायची, "बाबा, तो म नाही, भ हाय!" आता ती देऊळगाव राजाला सासरी आहे. फोनवर अजून तसंच ओरडते.

एकदा वाचता यायला लागल्यावर मी थांबलो नाही. शाळा न शिकलेल्यांसाठी विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा असते, ती दिली. मग बी.ए.ला नाव घातलं. पहिल्या वर्षाच्या इंग्रजीनं माझी तीन वर्षं खाल्ली. पण मला वर्ग आवडला. दर रविवारी सकाळच्या एसटीनं नांदुऱ्याला जायचं, खिडकीजवळचं बाक धरायचं. राज्यशास्त्राचे सर बोलायला लागले की मला वाटायचं, ग्रामपंचायतीत चाळीस वर्षं जे पाहिलं त्याला इतकी चांगली नावं आहेत तर! अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठ्याची आकृती फळ्यावर निघाली तेव्हा वर्गात ती सगळ्यांत आधी मला समजली. लग्नतिथी दाट आली की टिपाचा भाव कसा चढतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी हात वर करून हे सांगितलं, तेव्हा सरांनी फळ्यावर उदाहरणाला लिहिलेला 'साबण' हा शब्द पुसून तिथं 'टिप' लिहिलं.

विद्यापीठाची नोंदणी आठ वर्षं चालते. माझी मुदत यंदा संपत होती. सगळे विषय सुटले होते. राहिली होती प्रकल्पाची तोंडी परीक्षा, चाळीस गुणांची. त्यात सोळा मिळाले तर मी बी.ए., नाही मिळाले तर आठ वर्षं वाया, पुन्हा पहिल्यापासून नाव घाला. पुन्हा आठ वर्षं म्हणजे चौऱ्याहत्तर. मी तसा हटणारा नाही, पण हिशेब दिसत होता.

आणि मी एक आगाऊपणा करून ठेवला होता. नांदुऱ्याच्या पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून घेतली होती. जानराव संपत ढोले, बी.ए. निळ्यावर पांढरी अक्षरं. पोत्यात गुंडाळून कोठीच्या मागं ठेवली होती. अन्नपूर्णेला ती महिनाभरात सापडली.

"अजी, हे काय हो?"

"पाटी हाय."

"पास झाले काय?"

"होईन ना."

"लेकराच्या आधी बारसं करून राह्यले तुम्ही," ती म्हणाली आणि पाटी होती तशी गुंडाळून ठेवली. पण रविवारी मी निघालो की ती आता दारापर्यंत यायला लागली.

माझा प्रकल्प होता, 'आमच्या परिसरातील बारा गावांचे पाणी'. मी बारा गावं फिरलो, बारा विहिरींच्या चवी लिहिल्या, प्रत्येक विहिरीची एक बाटली भरून तिला चिठ्ठी लावली. आमच्या गावात तीन वर्षांपूर्वी धरणाचं नळाचं पाणी आलं, त्याची तेरावी बाटली. शेवटी निष्कर्ष लिहिला. त्यातला चौथा निष्कर्ष मला सगळ्यांत पक्का वाटत होता : 'नळाचे पाणी बेचव असून गावकऱ्यांना ते पसंत नाही. पिण्यासाठी लोक आजही जुन्या विहिरीचे पाणी वापरतात.' गावात मी चाळीस घरं विचारली होती आणि एकतीस घरांनी हेच सांगितलं होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी पांढरा सदरा घातला. परीक्षक होते लक्ष्मीकांत सर, पुण्याहून आलेले. बारीक चणीचे, बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. विहंग माझ्या आधी आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला.

"काय इचारलं?" रेवतीनं विचारलं.

"श्वास कधी घ्यायचा ते."

"मंग?"

"म्हटलं, नाकानं घ्यायचा."

मग मला बोलावलं. टेबलावर माझ्या तेरा बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या आणि पलीकडं लक्ष्मीकांत सर, शेजारी स्नेहलता मॅडम. सरांनी अर्ज वाचला आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"छंद, पाणी चाखणे. म्हणजे नक्की काय करता?"

"चाखतो अन् सांगतो, कुठलं हाय ते."

"विहिरीचं नाव सांगता?"

"विहिरीचं सांगतो. महिना बी सांगतो कधीकधी."

मॅडम घाबरल्यासारख्या माझ्याकडं बघायला लागल्या. सरांना मात्र मजा वाटली असावी. त्यांनी मला पाठमोरं बसायला सांगितलं, तीन ग्लास मागवले आणि माझ्याच बाटल्यांमधलं पाणी त्यांत ओतलं. मी वळलो. मला काही वाटलं नाही. पंचवीस वर्षं रोज ही परीक्षा दिली होती.

पहिला ग्लास ओठाला लावला आणि घरी आल्यासारखं वाटलं. "हे आमच्या गावचं. मारोतीच्या पारामागची जुनी विहीर."

दुसरा. हलका, जिभेवरून सरकून जाणारा. "हे पायथ्याचं. लग्नाचं पाणी. यात डाळ लोण्यावानी शिजते."

तिसरा घोट तोंडात घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे नळाचं. यात औषध टाकेल हाय. मेलेलं पाणी."

सरांनी बाटल्यांच्या चिठ्ठ्या बघितल्या. मॅडमनी बघितल्या. तिन्ही बरोबर. "अद्भुत," सर म्हणाले, आणि मॅडमच्या चेहऱ्यावर असं हसू आलं जसं त्यांनीच ते चाखून ओळखलं होतं. माझ्या मनात पाटी भिंतीला लागून खिळे ठोकून झाले होते.

"आता एक सांगा," सर म्हणाले. "या तिघांतलं प्यायला सगळ्यांत चांगलं कोणतं? तुमच्या नातवाला कोणतं द्याल?"

हा काय प्रश्न झाला! मी पहिला ग्लास पुढं सरकवला. "हे. याले चव हाय, जीव हाय. दुसरं सैपाकाले चांगलं. तिसरं गुरायले बी देऊ नये."

सरांनी खिशातून पेनासारखं यंत्र काढलं. पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारं. विहंगनंही तसलंच ऑनलाइन मागवलं होतं, म्हणून मी ओळखलं. त्यांनी ते एकेका ग्लासात बुडवलं आणि आकडा मला वाचायला लावला. पहिल्यात सतराशे चाळीस. दुसऱ्यात तीनशे दहा. तिसऱ्यात एकशे नव्वद.

"पाचशेच्या आत असलेलं बरं," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुम्ही नातवाला सगळ्यांत वाईट पाणी देताय, जानराव. आणि तुमच्या चौथ्या निष्कर्षात सगळं गाव तेच पितंय असं लिहिलंय. का पितंय, ते लिहिलेलं नाही."

मॅडम टेबलाकडं बघायला लागल्या.

"तुमच्या घरी चहा कोणत्या पाण्याचा होतो?" सरांनी विचारलं.

"विहिरीच्या."

"नळ आहे ना घरात?"

"हाय. त्याचा चहा लागत नाही."

हे बोललो आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. माझा थोरला भाऊ निवृत्ती शेजारी राहतो. मुतखड्यानं त्याला दोनदा अकोल्याला न्यावं लागलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, नळाचंच पाणी प्या. तो रोज संध्याकाळी आमच्याकडं चहाला येतो. का येतो? त्याच्या सुनेनं नळाचं पाणी सुरू केलंय आणि त्याला तो चहा लागत नाही, म्हणून. आणि आम्ही त्याला आग्रहानं दुसरा कप देतो.

पंचवीस वर्षं पाहुण्यांच्या डाळीसाठी मी सातपुड्यातून गोडं पाणी आणलं. टिपांचं तोंड बांधून, एक थेंब सांडू न देता. घरी आलो की विहिरीवर जाऊन तेच खारं प्यायचो आणि म्हणायचो, आता कसं बरं वाटलं. जीभ मिठात मुरलेली होती. ज्या जिभेच्या जोरावर मी तिन्ही ग्लास ओळखले होते, तीच मला नातवाचा ग्लास चुकीचा सांगत होती. एकतीस घरांचीही तशीच. ती खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच नळाचं पाणी बेचव लागत होतं, जसं मला लागत होतं, आणि म्हणून मी एकालाही पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

"सर," मी म्हणालो, "माह्या वहीचं ते पान द्या."

"जमा झालेला प्रकल्प आहे हा," मॅडम हळूच म्हणाल्या.

"फाडत नाही, मॅडम. खोडतो."

लक्ष्मीकांत सरांनी वही माझ्याकडं ढकलली आणि स्वतःचा पेन दिला. मी चौथ्या निष्कर्षावर एक सरळ रेघ मारली. खाली जागा कमी होती. मला लिहायला वेळ लागतो, तोंडानं म्हणत म्हणत लिहितो, ती सवय गेली नाही. सरांनी घड्याळाकडं बघितलं नाही, हे मी त्यांचं मानतो. मी लिहिलं : 'नळाचे पाणी चांगले आहे. आमच्या जिभेला खाऱ्याची सवय लागल्यामुळे ते आम्हांला बेचव लागते. गावात नुसता नळ आणून भागत नाही. लोकांना, आणि आधी मला, या पाण्याची सवय करावी लागेल. मी ज्या एकतीस घरांना विचारले त्यांना पुन्हा भेटणार आहे.' खाली सही केली आणि तारीख टाकली.

सरांनी वाचलं. "भेटून काय सांगणार?"

"सांगून काय होते, सर? रोज थोडं नळाचं जास्त, विहिरीचं कमी. बैल बी नव्या जुवाले एका दिवसात खांदा देत नाही. आधी माह्या घरचा चहा."

"ठीक आहे. या तुम्ही," सर म्हणाले. एवढंच. पास की नापास, त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

बाहेर विहंग आणि रेवती उभे होते. "काय झालं, आबाजी?" मी सांगितलं, तिन्ही ओळखले आणि तिन्हींत हरलो. विहंग म्हणाला, "म्हणजे माह्यासारखंच." रेवतीनं त्याच्या डोक्यात वहीनं मारलं.

संध्याकाळी घरी गेलो, तर निवृत्तीभाऊ ओट्यावर येऊन बसलेला. अन्नपूर्णेनं चुलीवर भांडं ठेवलं होतं, शेजारी विहिरीची कळशी. मी कळशीतलं निम्मं पाणी काढून ठेवलं आणि भांड्यात निम्मं नळाचं घातलं. अन्नपूर्णा बघत राहिली.

"अजी, नापास झाले काय?"

"माहीत नाही. काऊन?"

"मंग चहावर काऊन राग काढून राह्यले?"

मी सगळं सांगितलं. निवृत्तीभाऊनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "जान्या, हा चहा हाय का औषध?"

"औषधच हाय. पी."

"मी उद्यापासून येत नाही तुह्याकडं."

"येशीन. दुसरीकडं तं अखंड नळाचाच भेटते."

तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, कारण सुनेचा चहा आमच्यापेक्षाही फिका होता. आठवड्यानं मी भांड्यात विहिरीचं पाणी चौथा हिस्सा ठेवलं, त्याला न सांगता. पंधरवड्यानं तेही बंद केलं. त्यानं कुरकुर केली, साखर जास्त मागितली, पण प्यायला. मला स्वतःला अजून तो चहा लागत नाही, हे खरं सांगतो. पितो. एकतीसपैकी अकरा घरांत जाऊन आलो आहे, चार घरांनी मला हसून घालवलं. एका ठिकाणी मात्र सून माझ्या मागं दारापर्यंत आली आणि हिस्से कसे कमी करायचे ते पुन्हा विचारून घेतलं.

निकाल लागला त्या दिवशी विहंगचा फोन आला. तो स्वतः सतरावर सुटला होता.

"आबाजी, अठ्ठावीस!"

"चाळीसपैकी?"

"मंग काय शंभरपैकी? बी.ए. झाले तुम्ही, पेढे आणा!"

मी आत जाऊन कोठीच्या मागं हात घातला. पोतं रिकामं होतं. बाहेर आलो तर अन्नपूर्णा स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवर खिळा ठोकत होती, आणि निवृत्तीभाऊ खालून पाटी धरून उभा होता. फोनवर मी एवढ्या मोठ्यानं बोललो होतो की गल्लीला कळलं होतं.

"वाकडी लावून राह्यली," भाऊ म्हणाला.

"वाकडी काऊन? डोळे तुमचे वाकडे," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "चहा ठेवू काय? आजच्या दिवस विहिरीच्या पाण्याचा?"

निवृत्तीभाऊनं पाटीवरून मान वर काढून आशेनं बघितलं.

"नळाचा," मी म्हणालो.

"बी.ए. झाले अन् घरचा चहा बिघडवला," अन्नपूर्णा म्हणाली, आणि शेवटचा खिळा ठोकून खाली उतरली.